पावसाळी रानात बेडूक-साप मोजायला निघताना

मिरगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात रात्री दोन तऱ्हेची माणसं टॉर्च घेऊन बाहेर पडतात. एक बेडूक खाणारी, दुसरी बेडूक मोजणारी. लांबून दोघांत काही फरक दिसत नाही. तेच गमबूट, तीच खांद्यावरची पिशवी, तसंच वाकून चिखलात बघणं. काही वर्षांपूर्वी आम्हा चौघांना एका शेताच्या बांधावर गावकऱ्यांनी घेरलं होतं. "पिशवी उघडा," म्हणाले. आत निघालं काय, तर थर्मामीटर, दोन वह्या आणि भिजलेले चणे. मग तेच हसले आणि पुढचा अर्धा तास आम्हाला कुठल्या डबक्यात कधी बेडूक ओरडतात ते सांगत बसले. तेवढ्या वेळात जे कळलं ते आम्हाला आठवडाभर फिरूनही कळलं नसतं.

गोव्यात ज्याला हॉटेलवाले हळू आवाजात 'जंपिंग चिकन' म्हणतात तो आपला मोठा, पिवळाधमक होणारा पाणबेडूक. भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये बंद केली आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे. तरी पहिल्या पावसात पिशव्या भरतात. म्हणून रात्री रानात दिसणाऱ्या टॉर्चकडे वनरक्षक आणि गावकरी दोघंही संशयाने बघतात, आणि बघायलाच हवं. नव्याने या कामाला लागणाऱ्याने हे आधीच डोक्यात ठेवावं.

दुसरी गोष्ट. मोबाईलमध्ये सापांचे पन्नास फोटो जमले म्हणजे पाहणी झाली असं नाही. पाहणीत आपण किती वेळ, किती जणांनी, कुठे शोधलं आणि त्यात काय सापडलं, काय सापडलं नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. दोन तास चिखल तुडवून एकही बेडूक दिसला नाही तर ती रात्र वाया गेलेली नसते. ती लिहिली नाही तर मात्र नक्की वाया जाते. नवी मुलं इथेच चुकतात. मीही पहिली दोन वर्षं इथेच चुकलो. त्या काळच्या माझ्या वहीत फक्त 'दिसले' तेवढंच आहे. आज ती वही आठवणी काढायला बरी, आकडेवारीला निरुपयोगी.

कागद आधी, गमबूट नंतर

गोव्याचा पूर्वेकडचा घाटाचा पट्टा जवळजवळ सलग अभयारण्यांचा आहे. उत्तरेला म्हादई, मध्ये मोलेचं भगवान महावीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान, त्याखाली नेत्रावळी, दक्षिणेला खोतीगाव. बोंडला यांच्यात लहानगं, जेमतेम 8 चौरस किलोमीटरचं. यांपैकी कुठेही अभ्यासासाठी जायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अर्जात कोण, कधी, कुठल्या भागात, कुठल्या पद्धतीने, रात्री की दिवसा, हे स्पष्ट लिहा. 'जैवविविधतेचा अभ्यास' असं मोघम लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. 'जुलै ते सप्टेंबर, महिन्यातून चार रात्री, अमुक व्हाळाचा (ओढ्याचा) 100 मीटरचा पट्टा, तिघे जण, प्राण्यांना हात न लावता' असं लिहिलेला लवकर हलतो. तरी दोन-तीन महिने हातात ठेवा. पावसाळ्यासाठीचा अर्ज एप्रिलमध्ये करायला घेतलात तर आधीच उशीर झालेला असतो.

प्राणी पकडायचे, मोजमाप घ्यायचं, नमुना ठेवायचा तर वेगळी परवानगी लागते आणि ती शक्यतो संशोधन संस्थेमार्फतच मिळते. नवख्याने त्या वाटेला जाऊच नये. हात न लावता होणारं काम आयुष्यभर पुरेल एवढं आहे.

परवानगीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून सोबत ठेवा, आणि जाण्याआधी त्या भागातल्या वनरक्षकाला फोन करा. कागद साहेबांच्या सहीचा असला तरी रात्री अकरा वाजता भेटणारा माणूस वनरक्षकच असतो. हत्यार, पिंजरा, कसलीही जाळी सोबत नको.

आणि पहिल्या वर्षी अभयारण्यात कशाला जाता? कुळागरात जा. सुपारी, नारळ, केळी, मिरवेल, मधून खेळणारं पाटाचं पाणी, कडेला तळी. मालकाची परवानगी घेतली की झालं. मालक बहुतेक कुणाचा तरी काका-मामा निघतोच. पद्धत हाती बसायला, डोळा आणि कान तयार व्हायला कुळागरासारखी शाळा नाही.

रान कुठलं, हे आधी ठरवा

आपण सरसकट 'पावसाळी जंगल' म्हणतो, पण गोव्यातलं बहुतेक रान पानझडी आणि निमसदाहरित आहे. खरं सदाहरित रान घाटाच्या घळींत, ओढ्यांच्या कडेला, देवरायांत तुकड्या-तुकड्यांनी उरलेलं आहे. म्हणून पाहणी आखताना 'मोलेचं जंगल' असं लिहून भागत नाही. एकाच डोंगरावर चार वेगळी घरं असतात, आणि प्रत्येक घरातले भाडेकरू वेगळे.

व्हाळ हे पहिलं घर. दगडगोट्यांतून वाहणारं थंड पाणी, वर झाडांची दाट सावली. इथे रात्रबेडूक दगडाखाली बसतात. त्यांच्या डोळ्याची बाहुली पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराची असते, टॉर्चच्या उजेडात नीट बघा. ओल्या खडकावर पाण्याच्या पातळ पडद्यात चिकटून बसलेली आणि हलकं हात नेला की टुणकन उडणारी पिल्लं दिसली तर ती इंदिराना गटातल्या बेडकांची. बेडूकमासा उडी मारतो हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खोटंच वाटतं.

दुसरं घर पालापाचोळा, आमच्याकडे पातेरा म्हणतात तो. तिसरं झुडपं आणि झाडं. चौथं घर सडा, म्हणजे घाटमाथ्यावरचा जांभ्या दगडाचा उघडा कातळ. उन्हाळ्यात तो तापलेल्या तव्यासारखा असतो, पावसात त्यावर हजार डबकी होतात. सडा ओसाड म्हणून त्याच्याकडे सगळे पाठ फिरवतात. पण 2018 मध्ये जगाला ओळख झालेल्या एका बेडकाचं शास्त्रीय नाव 'गोएमची' आहे, आपल्या 'गोंयची'वरूनच घेतलेलं, आणि तो घाटमाथ्यावरच्या पठारांवर राहणारा.

पाचवं घर आहे, पण तिथे घाईने जाऊ नका. सत्तरीतल्या बांबर गावाजवळची निरंकाराची राय. जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली श्वास घेणारी मुळं. ही देवाची राय आहे. गावाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि विचारल्यावरही चिखलात टाकू नये, मुळं तुटतात. कडेने उभं राहून आवाज ऐका, तेवढं पुष्कळ.

कधी जायचं

बेडकांसाठी जून ते सप्टेंबर, संध्याकाळी सात ते दहा. त्यातही जूनचा पहिला पंधरवडा वेगळाच. डबक्यातले बेडूक चार-पाच रात्रींत सगळा संसार उरकून घेतात, आणि आठवड्याने गेलात तर तिथे शुकशुकाट. व्हाळातले मात्र पाऊस रुळल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये. धो-धो पावसात जाऊ नका. पाऊस ओसरून पानांवरून थेंब गळत असतात ती वेळ सोन्याची. मुसळधार पावसात ऐकू काही येत नाही, दिसत तर नाहीच.

सरपटणाऱ्यांचं गणित निराळं. सरडे, सापसुरळ्या, उडता सरडा सकाळी आठ ते अकरा, ऊन पडल्यावर. उडता सरडा सुपारीच्या खोडावर साल होऊन चिकटलेला असतो. गळ्याखालची पिवळी झालर हलवली की मगच कळतो. सापांना ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, पण चापडे (घाटातले विषारी साप) पावसाळी रात्री बेडकांच्या मागोमाग व्हाळाकाठी येतात. म्हणजे एकाच फेरीत खाणारा आणि खाद्य दोघांची नोंद होते.

पिशवीत काय

हेडलॅम्प आणि शिवाय हातातला टॉर्च. दोन्ही, कारण एक नेमका व्हाळाच्या मधोमध विझतो. गुडघ्यापर्यंतचे गमबूट. छत्री नको, रेनकोट, तोही खसखस आवाज न करणारा. घरात आजोबांची खोळ असेल तर तिच्याइतकं शांत काही नाही. पेन्सिल आणि जाड कागदाची वही. पेनची शाई पहिल्याच सरीत वाहून जाते, आणि मोबाईलवर लिहीन म्हणणाऱ्याची ओली बोटं पडद्यावर चालत नाहीत. तापमान आणि दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र, फूटपट्टी, झिपलॉक पिशव्या (कागद-मोबाईलसाठी, बेडकांसाठी नव्हे). नकाशा आधीच उतरवून घ्या. चोर्ला घाटात मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

जळवांसाठी लांब मोजे आणि मिठाची पुरचुंडी. काही जण मोज्यांना तंबाखूचं पाणी लावतात. डास-जळू पळवणारं मलम हाताला चोपडलं असेल तर बेडूक, बेडूकमासे, पाणी, कशालाही तो हात लावू नका. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. तुमच्या हातावरचं रसायन त्याच्या अंगात जातं.

प्रत्यक्ष मोजणी

चार पद्धती सांगतो, पण खरं तर पहिली नीट जमली की बाकीच्या तिच्याच बहिणी.

ठरलेल्या वेळेत शोधणं. तुम्ही किती माणसं, किती वेळ, एवढं ठरवा आणि हळू चालत दोन्ही बाजूंनी शोधत जा. खाली पाचोळ्यात, दगडाच्या फटीत, पानांच्या खालच्या बाजूला, डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्यांवर. 'हळू' म्हणजे किती हळू? तासाला दोन-अडीचशे मीटर. आपण घाईत असतो हे तेव्हा कळतं. टॉर्च कपाळाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा. मग बेडकाचे, पालींचे डोळे चमकतात. कोळ्यांचेही चमकतात, आणि पहिल्या रात्री तुम्ही निम्मे 'बेडूक' कोळीच मोजाल. असू द्या.

याचा हिशोब 'माणूस-तासां'त करतात. समजा तिघे दोन तास गेलात. त्यांतली 40 मिनिटं फोटो काढण्यात, जळवा काढण्यात, चहा पिण्यात गेली. तो वेळ वजा करायचा. उरला 1 तास 20 मिनिटं, गुणिले तीन माणसं, म्हणजे 4 माणूस-तास. त्यात 14 बेडूक दिसले असतील तर माणूस-तासाला साडेतीन. आता पुढच्या महिन्यात पाच जण तेवढाच वेळ गेलात आणि 20 दिसले, तरी तुलना करता येते. नुसतं '14' आणि '20' लिहून ठेवलंत तर 'वाढले!' असं वाटेल, आणि ते खोटं असेल. घड्याळ थांबवायची जबाबदारी एकाकडेच द्या. आमच्यात ती सगळ्यात कंटाळलेल्याकडे असते, तो बरोबर लक्ष ठेवतो.

दुसरी पद्धत व्हाळाचा पट्टा. 100 मीटर लांबी मोजून घ्या, दर 10 मीटरला दगडावर नव्हे तर नकाशावर खूण करा, आणि पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध, खालून वर चालत जा. उलट चाललात तर तुमच्या पायांनी गढूळ केलेलं पाणी पुढे जातं आणि तुम्ही त्यातच शोधत बसता.

तिसरी चौकोनाची. 5 बाय 5 मीटरचा चौकोन दोरीने आखायचा, चौघांनी चार बाजूंनी आत सरकत पाचोळा थर-थर उचलून बघायचा. अंगठ्याच्या नखाएवढे बेडूक, छोट्या सापसुरळ्या, खवल्यापालींची पिल्लं अशीच सापडतात. वेळ खूप जातो आणि पाठ मोडते. पण इथे हात आणि पाचोळा यांच्यामध्ये काठी हवीच, कारण पाचोळ्यात फक्त बेडूक नसतात. त्याबद्दल पुढे. दगड किंवा कुजका ओंडका उलटायचा तर आपल्या बाजूला उचलायचा, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि आत जो असेल तो तुमच्यापासून दूर निघतो. आणि परत ठेवायचा, जसा होता तसाच, त्याच खाचेत. उलटे ठेवलेले दगड बघून मला एखाद्याचं घर लुटून गेल्यासारखं वाटतं.

चौथी कानाने. ठरलेल्या जागी उभं राहा, दिवे बंद करा, दोन मिनिटं काही करू नका, मग पाच मिनिटं ऐका. कोण ओरडतंय आणि किती, हे 0 ते 3 मध्ये लिहायचं: 0 म्हणजे कुणीच नाही, 1 म्हणजे एकेक वेगळा मोजता येतो, 2 म्हणजे आवाज एकमेकांत मिसळतात पण अंदाज येतो, 3 म्हणजे नुसता कल्ला. मोबाईलवर एक मिनिट ध्वनिमुद्रण करा, सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा सांगा. झुडपी बेडकांच्या बाबतीत ही पद्धत डोळ्यांपेक्षा कितीतरी भरवशाची. नखाएवढा प्राणी समोरच्या पानावर बसून कान फोडतो आणि दिसत नाही. त्याचा शोध घेत झुडूप हलवलंत की तो गप्प. गप्प बसलेला बेडूक मोजता येत नाही.

खड्डे खणून त्यात प्राणी पडतील असे सापळे लावायची पद्धतही आहे. ती परवानगीशिवाय आणि दर काही तासांनी खड्डे बघायला माणूस असल्याशिवाय करायची नाही. पावसाळ्यात तर खड्डा म्हणजे विहीर.

वहीत काय लिहायचं

तारीख, सुरुवात-शेवट, कोण-कोण, जागेचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, हवेचं तापमान, दमटपणा, पाऊस (आता / गेल्या तासात / नाही), चंद्र दिसत होता का. मग प्रत्येक प्राण्यासाठी एक ओळ: वेळ, काय, नर-मादी कळत असेल तर, मोठा की पिल्लू, कशावर बसलाय, जमिनीपासून किती उंचीवर, पाण्यापासून किती लांब, काय करत होता. 'झाडावर' असं लिहू नका. 'कारवीच्या पानावर, वरच्या बाजूला, 90 सेंटिमीटर' असं लिहा.

जे ओळखलं नाही ते ओळखलं नाही असंच लिहा. 'इंदिराना, कुठला ते माहीत नाही' ही उत्तम नोंद आहे. चुकीचं नाव ठोकून देणं हे काहीच न लिहिण्यापेक्षा वाईट, कारण ते पुढे कुणीतरी खरं धरतं.

एक किस्सा. चोर्ल्याकडच्या एका व्हाळाकाठी आम्ही तीन रात्री गेलो आणि वहीत 'मलबारी चापडा: 3' असं मोठ्या अभिमानाने लिहिलं. घरी येऊन फोटो शेजारी-शेजारी ठेवले तर तिन्ही रात्रींचा चापडा एकच. डोक्यामागचा डाग, पाठीवरची नक्षी, अगदी बसायची फांदीसुद्धा तीच. हा साप एका जागी दिवसेंदिवस भक्ष्याची वाट बघत बसतो. तेव्हापासून प्रत्येक चापड्याचा पाठीचा फोटो घेतो आणि आधीच्या फोटोंशी ताडून बघतो. तुमच्या वहीतल्या 'पाच'चे असेच 'दोन' होऊ शकतात.

ओळखायचं कसं

सगळं एकदम शिकायला जाऊ नका. पहिल्या पावसाळ्यात दहा पक्के करा.

घरापासून सुरू करा. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटलेला, बोटांच्या टोकाला चकत्या असलेला तो झाडबेडूक. अंगणातला खरखरीत, डोक्यावर काळ्या कडा असलेला भेक. शेतातला मोठा पाणबेडूक, ज्याचे नर विणीच्या दिवसांत लिंबासारखे पिवळे होतात आणि गालाच्या पिशव्या निळ्या. व्हाळाच्या संथ भागात काळ्या मोठ्या बेडूकमाशांचा थवाच्या थवा एकत्र फिरताना दिसला तर ती दुरंगी बेडकाची पिल्लं. मोठा झालेला दुरंगी वरून फिकट, बाजूने काळा.

मलबारी उडता बेडूक ओळखायला सोपा आणि विसरायला अवघड. पानासारखा हिरवा, पायांच्या बोटांमध्ये लाल-केशरी पडदे. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला तर ते त्याचं घरटं. पिल्लं फुटली की फेसातून थेट खालच्या पाण्यात. घरटं मोजा, खालचं पाणी किती खोल आहे ते लिहा, आणि पुढे चला. फोटोसाठी फांदी वाकवायची नाही. फेस फाटला तर आतलं सगळं वाळतं.

व्हाळाच्या खडकावर मागचा पाय लांब करून झेंडा दाखवल्यासारखा हलवणारा छोटासा बेडूक दिसला तर तिथेच बसा. पाण्याच्या आवाजात नुसत्या ओरडण्याने भागत नाही, म्हणून नर पायाने सांगतो. त्या रात्री बाकीची पाहणी अपुरी राहिली तरी हरकत नाही. (वहीत मात्र 'पाहणी अपुरी' असं लिहा.)

शेतातले छोटे करडे-तपकिरी बेडूक डोळ्यांनी वेगळे करता येतात असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि विश्वास ठेवू नका. तिथे आवाज आणि शेवटी जनुकं लागतात.

आणि देवगांडूळ. पाय नसलेला, गांडुळासारखा दिसणारा, पण बेडकांचा चुलतभाऊ. त्याला कणा असतो, तोंड आणि दात असतात, आणि तो गांडुळासारखा आकुंचन-प्रसरण न करता सापासारखा वळवळतो. सापासारखे खवले मात्र बाहेरून दिसत नाहीत. आपल्या भागाने या प्राण्यांत जगाला भर घातली आहे. 2004 मध्ये बोंडल्याहून एका देवगांडुळाचं वर्णन झालं, आणि 2007 मध्ये आणखी दोघांची नावं पडली, एकाला गोव्याचं आणि एकाला म्हादईचं. कुळागरात सारण, म्हणजे पाण्याचा चर, काढताना कुदळीखाली देवगांडूळ सापडतं आणि सापाचं पिल्लू म्हणून मारलं जातं. त्यामुळे कुळागरात काम करणाऱ्यांना विचारा. 'मातीत सापडतं ते जाड, चकाकतं, करडं-जांभळं' असं म्हटलं की त्यांना लगेच कळतं.

सापांत हरणटोळ, रुका, धामण, दिवड, मांजऱ्या, तस्कर, कवड्या हे आधी. मग विषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं तर माहीत हवेतच. त्यांच्या जोडीला घाटात मलबारी चापडा आणि नाकाचं टोक वर उचललेला छोटा, पाचोळ्याच्या रंगाचा चापडा. हा दुसरा चौकोनाच्या पद्धतीत हाताखाली येतो. वाळकं पान आणि तो यात फरक करायला चांगला टॉर्च आणि सवय दोन्ही लागतात. खापरखवल्या गटातले, जमिनीखाली राहणारे साप जिवंत क्वचित दिसतात. 2016 मध्ये अशाच एका काळ्या चमकत्या सापाला सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचं नाव दिलं गेलं. तो दक्षिण महाराष्ट्र, गोवा, उत्तर कर्नाटकाच्या घाटात राहतो. हे साप आणि देवगांडुळं पहिल्या पावसात रस्त्यावर येतात आणि चिरडली जातात. चोर्ला आणि अनमोड घाटातल्या रस्त्यांवर पहाटे, वाहतूक वाढायच्या आत, मेलेल्या प्राण्यांची नोंद घेणं हीसुद्धा पाहणीच. फोटो, फूटपट्टी शेजारी ठेवून, किलोमीटरच्या दगडापासूनचं अंतर लिहून. अंगावर चमकणारा पट्टा घाला आणि वळणावर वाकून बसू नका.

फोटो कसे? बेडकाचा वरून, बाजूने, आणि जमलं तर काचेवर वगैरे बसलेला असताना खालून. मागच्या पायाची बोटं आणि त्यांतला पडदा दिसायला हवा. सापाचा डोक्याचा बाजूने आणि पाठीचा, लांबूनच. फ्लॅश एकदा-दोनदा, वीस वेळा नव्हे.

स्वतःला सांभाळा

साप पकडायचा नाही. सर्पमित्र असाल तरी पाहणीत नाही. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. चापड्यांच्या विषावर ते चालत नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. चावा झालाच तर दोरी बांधू नका, कापू नका, तोंडाने ओढू नका. हात-पाय हलू न देता आधार द्या, अंगठी-घड्याळ काढा, 108 ला फोन करा आणि जवळच्या आरोग्य केंद्रातून पुढे. गंभीर असेल तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ. निघण्याआधीच गाडी कुठल्या तोंडाने उभी आहे, कोण चालवणार, हे ठरलेलं असावं. एकट्याने कधीच नाही. किमान तिघं: एक जखमी, एक त्याच्याजवळ, एक रेंज शोधायला.

सापापेक्षा मला व्हाळाची भीती जास्त. इथे पाऊस थांबलेला असतो, वर घाटात ढग फुटलेला असतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहू लागली, आवाज जड झाला, की वही बंद करून वर चढायचं. आधी वर, मग सामान. गवा दिसला तर टॉर्च खाली करा, त्याला वाट द्या, मधे येऊ नका.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते. आणि जानेवारी ते मे फिरणार असाल तर गोचिडी. सत्तरीत 2015 पासून गोचिडी चावून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य खात्याला कळवा. घरी आल्यावर अंग तपासा, कपडे गरम पाण्यात.

घरी आल्यावर

त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी वही संगणकात चढवा. तिसऱ्या दिवशी आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही. फोटोंना तारीख आणि नोंदीचा क्रमांक द्या.

मग एक साधा आलेख काढा. आडवी रेष म्हणजे रात्री, उभी म्हणजे तोवर दिसलेल्या एकूण जाती. समजा पहिल्या रात्री 9, दुसऱ्या रात्रीपर्यंत 13, मग 15, 16, 16, 17. रेष सपाट होऊ लागली की त्या जागी, त्या ऋतूत, त्या पद्धतीने बहुतेक मंडळी भेटली. रेष अजून चढतेच आहे तर 'या व्हाळात 17 जाती आहेत' असं लिहायचं नाही, 'आम्हाला 17 दिसल्या' असं लिहायचं. वाक्यात एवढाच बदल, पण प्रामाणिकपणा सगळा त्यात आहे.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो चढवलात तर जाणकार ओळख पटवून देतात. मात्र दुर्मीळ प्राण्याची, घरट्याची, चापड्याच्या ठरावीक फांदीची नेमकी जागा झाकून ठेवा. दुसऱ्या रविवारी तिथे कॅमेरे घेऊन दहा जण उभे असतात, हे मी पाहिलं आहे.

यादीची एक प्रत वनखात्याला, एक कुळागराच्या मालकाला. मराठी नावांनिशी, फोटोसकट. तुमच्यासाठी रात्री फाटक उघडं ठेवणाऱ्याला आपल्या तळीत कोण राहतं ते कळायलाच हवं.

राहिले गमबूट. बेडकांना मारणारी एक बुरशी जगभर पसरली आहे, पश्चिम घाटातही तिची नोंद आहे, आणि ती ओल्या चिखलातून एका व्हाळातून दुसऱ्यात जाते. म्हणून एका रात्रीत दोन व्हाळ करायचे नाहीत. घरी आल्यावर तळव्यांतला चिखल ब्रशने खरवडून काढा, ब्लीचच्या पाण्यात किंवा 70 टक्के अल्कोहोलने पुसा, हे पाणी ओढ्या-तळीपासून लांब टाका, आणि बूट उलटे करून पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात ते वाळायला दोन दिवस लागतात. म्हणून बुटांचे दोन जोड घ्या.